तीनचा भोंगा

सरावली
८ डिसेंबर २०२४

रूपल,

मागच्या रविवारी आपण बोलत होतो आणि मध्येच फोन कट झाला. ‘रेंज गेली’ असा तुझा मेसेज आला. रेंज गेली नव्हती. माझ्या मागे तीनचा भोंगा वाजला होता. दिवाळीतही असंच झालं होतं. म्हणून आता मी लिहायचं ठरवलं आहे. कागदावर भोंगा ऐकू येत नाही.

तू घरी का येत नाहीस हे मी कोणाला सांगत नाही. बडोद्याला काम फार असतं, एवढंच सांगते. दमयंतीवहिनी शेजारधर्माने विचारतात, “तीन वरसं सुट्टीच नाय? कलेक्टर झाली काय पोरगी?” मी म्हणते, हो, झाली.

वाडी ठीक आहे. चिकू बरा लागलाय. विहिरीकडच्या ओळीत मी अजून जात नाही, तिकडची तोडणी लाडकी करते. लाडकी सकाळी कारखान्यांची झाडलोट आटपून येते आणि दुपारभर माझ्याकडे असते. तिच्या नवऱ्याचा, सुकाचा खोकला आहे तसाच आहे. त्याला आता धुळीचं काम जमत नाही, म्हणून चाळीतल्या मुलांना राखत बसतो. त्या दिवशी त्याने तुला कुंपणाशी अडवलं नसतं तर आज मी हे पत्र कोणाला लिहिलं असतं, असा विचार मनात येतो. मग मी काहीतरी काम काढते.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते. पेपर मी अजून जाहिरातींपासूनच वाचते. चौथीत शाळा सुटली, पुढचं वाचन मी चिकूच्या खोक्यांत घालायच्या रद्दीवर शिकले. रद्दीत बातमी अर्धी फाटलेली असायची, जाहिरात मात्र पूर्ण मिळायची. परवा अशीच एक पूर्ण जाहिरात वाचली. ती भोंग्याची, पिवळ्या टाकीची कंपनी वाढणार आहे, तिच्यासाठी पर्यावरणविषयक जनसुनावणी ठेवली आहे, जानेवारीत, शाळेच्या मैदानावर. कारखाना औद्योगिक वसाहतीच्या आत असता तर कदाचित आपल्याला कोणी विचारलंही नसतं, असं ग्रामसेवक म्हणाले. तो रस्त्याच्या अलीकडे, गावाच्या हद्दीत आहे, म्हणून विचारावं लागतं. म्हणजे मधल्या रस्त्याचे आभार मानायचे.

ग्रामपंचायतीत अहवालाचा मराठी सारांश ठेवलाय. मी मागितला तेव्हा ग्रामसेवक म्हणाले, “काकी, हे वाचायला नसतं, ठेवायला असतं.” मी तिथेच बाकावर बसून वाचला. मराठी अशी की प्रत्येक वाक्य दोनदा वाचावं लागलं. एक वाक्य मात्र एकदाच वाचून कळलं. ‘आपत्कालीन प्रसंगी सायरनद्वारे सूचना देण्यात येईल. परिसरातील नागरिक सायरनशी परिचित आहेत.’

हो, परिचित आहोत. सातचा झाला की मुलं शाळेला निघतात. तीनचा झाला की दमयंतीवहिनी वाळत घातलेली मिरची आत घेतात आणि मी चहा ठेवते. म्हणजे ठेवायची. तुझे बाबा तीनच्या भोंग्याला पंप चालू करायचे आणि चहा विहिरीवर प्यायचे. त्या दिवशी भोंगा जरा लवकर झाला. मी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं, म्हटलं घड्याळ मागे पडलंय. स्टुलावर चढून काटा पुढे केला आणि चहा ठेवला. तो भोंगा पाळी बदलल्याचा नव्हता, वायू सुटल्याचा होता. आवाज दोन्हीचा एकच. तुझ्या बाबांनी पंप चालू केला. वहिनींनी मिरची आत घेतली. चहा मी ठेवला आणि नेला तू.

आता मी चार वाजता चहा घेते, त्या वेळी काहीच वाजत नाही.

कंपनी बंद करा असं मला म्हणायचं नाही. अर्ध्या गावाची चूल तिच्यावर पेटते, वहिनींच्या चिरागचीही. मला एवढंच मागायचंय की धोक्याच्या भोंग्याचा आवाज वेगळा हवा, आणि तो आपल्या विहिरीवर, पंप चालू असताना ऐकू आला पाहिजे. असं मागता येतं का? कारखान्यांचे हेच कागद तू रोज करतेस, म्हणून तुला विचारते. विचारायला दुसरं कोणी असतं तरी तुलाच विचारलं असतं.

आई


सरावली
६ जानेवारी २०२५

रूपल,

तुझा मेसेज मिळाला. ‘मागता येतं. लेखी पण दे, पोच घे. शेवटपर्यंत थांब, इतिवृत्त वाचून दाखवावं लागतं.’ पत्राला मेसेजने उत्तर दिलंस, चालेल. आईला कशी आहेस हे विचारायला जागा उरली नव्हती, तेही चालेल. लहानपणी तू गणिताचं उत्तर अशीच द्यायचीस, रीत न दाखवता, आणि ते बरोबर असायचं.

अर्ज मी स्वतः लिहिला. पालघरला जाऊन दिला, शिक्का घेतला. तिथल्या कारकुनाने विचारलं, “वकिलाने लिहून दिलं का?” मी म्हटलं, नाही, चुकलंय का काही? तो म्हणाला, “नाही, कळतंय म्हणून विचारलं.”

काल देवळाच्या ओट्यावर माणसं बोलावली. आली त्यांत निम्मी भांडायला आली होती. दमयंतीवहिनी तर उभ्यानेच बोलल्या. “उषा, तुजं दुख आमाला ठाव हाय. पन चिरागची नोकरी घालवून तुजा मानूस परत येनार हाय काय?”

मी काही बोलायच्या आत चिरागच म्हणाला, “आय, गप जरा. आत आमालाबी कळत नाय कुठला भोंगा तो. वाजला का आमी एकमेकांना फोन लावतो. फोन लागला तं पळायचं, नाय लागला तं चा प्यायला जायचं.”

दोघंतिघं हसले. मग आपण कशावर हसलो ते त्यांच्या लक्षात आलं.

तेव्हा लाडकी बोलली. ती खाली पायरीवर बसून शेंगा सोलत होती. म्हणाली, “आमच्या पाड्यावर चिंचंला रुळाचा तुकडा टांगलाय. बिबट्या आला तं धाडधाड वाजवायचा, थांबायचंच नाय. आग लागली तं येक-येक ठोका, दम घिऊन. दोनीला येकच वाजवलं तं काय होल? लोकं हंडे घिऊन बिबट्याम्होरं जातील, आन आग लागली का दार लावून घरात बसतील.”

तिचा पाडा विक्रमगडच्या पुढे आहे, तुला एकदा होळीला नेलं होतं. हे मी इतक्या वर्षांत तिच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं, कारण मी कधी विचारलंच नव्हतं. मी तिला म्हटलं, हेच तू सुनावणीत बोल.

“मी? माजं कोन ऐकतंय, बाय? मी तं तिथं झाडू मारते.”

सुका मागे खांबाला टेकून बसला होता. “बोल ना,” तो म्हणाला. “मला दम लागतो, तुला लागत नाय. घरात तं थांबतच नाय तुजं तोंड.” एवढं बोलून तो खोकत राहिला. लाडकीने उठून त्याची पाठ चोळली आणि चोळता चोळता त्याला दोन शिव्या दिल्या. याचा अर्थ ती बोलणार होती.

वहिनी जाताना मला म्हणाल्या, “भोंगा मागतेस तं भोंगाच माग. बाकी काय मागू नको.” मी कबूल केलं.

आई


सरावली
१७ जानेवारी २०२५

रूपल,

काल सुनावणी झाली. सगळं सविस्तर लिहिते, कारण मला ते विसरायचं नाही.

मैदानावर मांडव, पंखे, पाण्याच्या बाटल्या. पुढच्या रांगांत कंपनीचे शर्ट घातलेली मुलं, त्यांत चिराग. मंचावर सुनावणी घ्यायला आलेल्या जिल्हा कचेरीच्या मॅडम, शेजारी दोन अधिकारी, आणि कडेला लॅपटॉपवर लिहून घेणारे एक गृहस्थ. मॅडम वयाने तुझ्यापेक्षा फार मोठ्या नसतील. साधी सुती साडी, आणि समोर आमचे आलेले अर्ज. त्यांना खुणेचे कागद लावलेले होते. माझाही दिसला. म्हणजे वाचून आल्या होत्या.

कंपनीचे सल्लागार पडद्यावर चित्रं दाखवत इंग्रजीत सुरू झाले. मागून ओरड झाली, “मराठीत सांगा!” ते म्हणाले, तांत्रिक विषय आहे. मॅडम म्हणाल्या, “वायू मराठीच नाकात जाणार आहे. तुम्हाला जमत नसेल तर ज्याला जमतं त्याला उभं करा.” मग कंपनीचा सुरक्षा अधिकारी उभा राहिला. धीरज त्याचं नाव. हडकुळा, तिशीचा. त्याने सांगितलेलं सगळ्यांना कळलं. जिथे त्याला सांगता आलं नाही, तिथे ‘हे मला माहीत नाही’ असं तो म्हणाला. मंचासमोर उभं राहून पगार देणाऱ्यासमक्ष असं म्हणणं सोपं नसावं.

मग लोक बोलले. कोणाला नोकऱ्या हव्या होत्या, कोणाला रस्ता. एक पुढारी बराच वेळ स्वतःविषयी बोलले. मी माझा अर्ज वाचला. शेवटी लाडकी उठली. माइककडे बघून म्हणाली, “ह्यात बोलू?”

मॅडमनी नाव विचारलं.

“लाडकी.”

“पूर्ण नाव?”

“लाडकी सुका. येवढंच पुरं हाय.”

तिने चिंच, रूळ, बिबट्या, हंडे, सगळं सांगितलं. मांडव खदखदून हसला, मंचावरचे अधिकारीही हसले. लाडकी हसू ओसरेपर्यंत थांबली. कोणी तिला हे शिकवलं नव्हतं. मग म्हणाली, “हसलात ना? त्या दिशी आमी तेच केलं. वायू आला आन आमी चा ठेवली. मोठ्यानं वाजवा, हळू वाजवा, पन दुसरं वाजवा.”

आणि खाली बसली.

मग जेवणाची पाकिटं आली आणि मांडव रिकामा झाला. तुझा मेसेज लक्षात होता, मी जागची हलले नाही. लाडकीला म्हटलं, तू जा, जेव. ती म्हणाली, “माजं बोलनं त्यांच्याकडं हाय. ते काय केलं बघितल्याबिगर कशी जाव?” तिला इतिवृत्त वगैरे काही ठाऊक नव्हतं. पाड्यावर बैठक उठायच्या आधी एक म्हातारा सगळ्यांचं बोलणं परत बोलून दाखवतो, मग उठायचं, असं तिने मला बसल्या बसल्या सांगितलं. चिरागही थांबला होता, मांडवाच्या खांबाला धरून.

आम्ही अगदीच मोजके उरलो होतो. तरी मॅडम म्हणाल्या, “वाचा.” लिहिणारे गृहस्थ वाचू लागले. हवा, पाणी, रोजगार, रस्ते. मग आलं, “ध्वनिप्रदूषण. कारखान्याच्या भोंग्याचा परिसरातील महिलांना त्रास होत असून त्याचा आवाज कमी करावा, अशी मागणी करण्यात आली.”

लाडकी उठली. “हे कोनाचं?”

गृहस्थ म्हणाले, “तुमचंच बाई. तुम्ही आणि या काकी.”

“माजं नाय. मी कवा बोलली कमी करा?”

ते गृहस्थ काही वाईट नव्हते. दमलेले होते. समजावून सांगू लागले, “भोंगा म्हणजे आवाज. आवाजाचं जे काही येतं ते ध्वनिप्रदूषणात जातं. ठरलेले मथळे आहेत. आणि ध्वनिप्रदूषणात मागणी एकच असते, कमी करा.”

लाडकी म्हणाली, “मग माजं त्यात टाकू नका. भाईर ठेवा.”

मॅडमनी लॅपटॉप स्वतःकडे ओढला, वाचलं, आणि गृहस्थांना म्हणाल्या, “नवीन मथळा घाला. ‘धोक्याची सूचना’.”

“मॅडम, नमुन्यात तो नाहीये.”

“म्हणून तर घाला म्हणते.”

मग त्यांनी लाडकीला मंचावर बोलावून तिची मागणी पुन्हा सांगायला लावली आणि ती सांगेल तशी लिहून घेतली. मला विचारलं, विहीर आणि पंपाचं तुमच्या अर्जात आहे ते यातच जोडू का? मी मान हलवली. सगळं मोठ्याने वाचून दाखवलं. लाडकी डोळे मिटून ऐकत होती. म्हणाली, “आता माजं हाय.”

मॅडमनी आम्हाला खोटी आशा लावली नाही. म्हणाल्या, “अट घालायची की नाही ते वरची समिती ठरवते. ते माझ्या हातात नाही. तुम्ही बोललात ते जसंच्या तसं वर जाईल, एवढं मी देते.” पाकिटं संपली होती, म्हणून त्यांनी आपलं लाडकीपुढे सरकवलं. लाडकी म्हणाली, “तुमीच खा. तुमाला अजून लिवायचं हाय.”

रूपल, बाबांचा खटला कोर्टात आहे, तारखा पडतात, मी जाऊन बसते आणि परत येते. तिथे बसून बसून मला वाटायला लागलं होतं की कायदा म्हणजे वाट बघणं. पण कुठल्या तरी नियमात कोणीतरी एक ओळ घालून ठेवली आहे की उठायच्या आधी वाचून दाखवा. ती कोणी घातली मला माहीत नाही. पण माणसाचं बोलणं कागदावर उतरताना उलटं होऊ शकतं, हे त्याला ठाऊक असणार. आणि ती ओळ आहे हे तुला ठाऊक होतं. मला काल तुम्हा दोघांचं फार कौतुक वाटलं.

आई


सरावली
२४ ऑगस्ट २०२५

रूपल,

तुझं पाकीट आलं. आत चिठ्ठी असेल म्हणून पाकीट उलटंसुलटं करून पाहिलं, दिव्यासमोरही धरलं. एकच छापील पान होतं, इंग्रजी. कंपनीला दिल्लीहून वाढायची परवानगी मिळाली, अटींसह. एका अटीखाली तू पेन्सिलने रेघ मारलीस आणि कडेच्या कोऱ्या जागेत मराठी करून लिहिलंस. ‘धोक्याच्या सूचनेसाठी पाळीच्या भोंग्याहून स्पष्ट वेगळ्या आवाजाची स्वतंत्र यंत्रणा बसवावी. ती लगतच्या वस्तीत ऐकू येते याची चाचणी ग्रामपंचायतीसमक्ष घ्यावी.’

तुझं अक्षर किती दिवसांनी पाहिलं. वेलांट्या अजून बाबांसारख्याच आहेत, ओळीच्या बाहेर जाणाऱ्या. ही अट मी देवाजवळ ठेवली नाही, रोज हाताशी लागते म्हणून मिठाच्या बरणीखाली ठेवली आहे.

लाडकीला वाचून दाखवलं. तिने विचारलं, “ह्यात बिबट्या कुठं हाय?”

म्हटलं, नाही आला.

“हंडे?”

तेही नाही.

“मग लोकांना कळनार कसं?” ती जरा नाराज झाली. पण संध्याकाळी चाळीत तिने सगळ्यांना सांगितलं की दिल्लीने माझं ऐकलं. सुका म्हणाला, “दिल्ली ऐकते, आता बायकोला सांगा नवऱ्याचं ऐकायला.”

मला मात्र दुसरीच गोष्ट दिसली. पंप आला नाही. ‘वस्तीत ऐकू येते’ एवढंच आहे. दारात ऐकू येणं आणि पंप चालू असताना विहिरीवर ऐकू येणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हे तुझ्याही लक्षात आलं असणार. कडेच्या मराठीत ‘वस्तीत’ या शब्दापाशी पेन्सिल जाड झाली आहे.

आई


सरावली
२३ नोव्हेंबर २०२५

रूपल,

गेल्या महिन्यात कंपनीने कळवलं की अट पूर्ण झाली. ग्रामपंचायतीच्या ओट्यावर खुर्च्या मांडल्या आणि नवा भोंगा वाजवून दाखवला. ऐकू आला. सगळे सह्या करायला निघाले. मी म्हटलं, चाचणी विहिरीवर घ्या, पंप चालू ठेवून.

कंपनीचे मोठे साहेब सभ्यपणे म्हणाले, “ताई, अटीत विहीर नाही. वस्ती आहे.”

माझ्याआधी दमयंतीवहिनीच बोलल्या. पदर खोचून पुढे आल्या आणि म्हणाल्या, “जिथं मानूस मेला ती वस्ती नाय तं काय हाय? आमी काय वस्तीत बसून भोंग्याची वाट बघतो? वाडीत राबतो आमी.” चिराग शेजारी होता, त्याने आईला गप केलं नाही.

धीरजने साहेबांच्या कानाशी काहीतरी सांगितलं आणि मग मोठ्याने म्हणाला, “परत घेऊ. विहिरीवर.”

गेल्या सोमवारी घेतली. कोणी उभं राहायचं हा प्रश्नच आला नाही. सुका आधीच विहिरीकडे चालू लागला होता, टॉवेल खांद्यावर. भोंगा ऐकू आला की टॉवेल वर करायचा, असं ठरलं. मी कुंपणापर्यंत गेले. मग लाडकीने माझ्याकडे न बघता फाटक उघडून धरलं, आणि मी आत गेले. चिकू वाढलेत, रूपल. बाबांनी लावलेली शेवटची दोन कलमंही धरलीत. कठड्यावर बाबा बसायचे ती जागा अजून गुळगुळीत आहे. मी तिथे बसले नाही. हात लावला.

पंप चालू केला. घराकडे उभ्या असलेल्या चिरागने हात हलवला, म्हणजे तिकडे भोंगा वाजत होता. सुका उभा. टॉवेल खाली. चिराग हात हलवतोय, सुका तसाच. मीही काही ऐकलं नाही. पंप आणि पाणी, बस्स.

धीरज चालत आला. सुकाच्या शेजारी उभा राहिला आणि फोनवरून पुन्हा वाजवायला सांगितलं. ऐकत राहिला. मग त्याने कागद काढला, कठड्यावर ठेवला आणि माझ्यादेखत लिहिलं, ‘विहिरीजवळ, पंप चालू असताना, ऐकू आला नाही.’ खाली सही केली. वाऱ्याची दिशा, आजचा दिवस, असलं काही जोडलं नाही.

लाडकीने त्याला विचारलं, “तू कुठला रं?”

“मोखाड्याचा, मावशी.”

“तरीच. तुला बिबट्या ठाव हाय.”

तो हसला. मग सुकाला म्हणाला, “दादा, तेव्हा मी इथे नव्हतो.” सुका म्हणाला, “नव्हतास तं बरं झालं. खोकत बसला असतास माज्यावानी.”

काल वाडीच्या कुंपणाशी खांब उभा केला आणि त्यावर दुसरा कर्णा बसवला. आज पुन्हा चाचणी. पंप चालू. सुकाने टॉवेल वर केला तो वरच धरून ठेवला, भोंगा बंद झाला तरी खाली घेईना. मलाही ऐकू आला. आवाज वर चढतो, तुटतो, पुन्हा चढतो, थांबतच नाही. पाळीच्या भोंग्यासारखा सरळ नाहीच. वहिनी मिरची तशीच टाकून घरातून पळत बाहेर आल्या आणि चाचणी आहे हे आठवून आम्हालाच ओरडल्या. धीरज म्हणाला, याहून चांगली चाचणी होऊ शकत नाही.

लाडकी म्हणाली, “हा बिबट्या.”

आई


सरावली
१४ डिसेंबर २०२५

रूपल,

गावात आता त्याला बिबट्याच म्हणतात. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी सकाळी तो वाजवून बघायचं ठरलंय. शाळेत मुलांना शिकवलंय की बिबट्या वाजला की वाऱ्याला आडवं पळायचं, घरी दप्तर आणायला जायचं नाही. कंपनीच्या फाटकावरच्या पाटीवर ‘आपत्कालीन सायरन’ लिहिलंय, त्याखाली कोणीतरी खडूने ‘म्हंजे बिबट्या’ लिहून ठेवलंय. धीरजने ते पुसायला सांगितलं नाही. मॅडमची बदली झाली असं कळलं. कुठे ते कळलं नाही, नाहीतर त्यांनाही लिहिलं असतं.

यात तुझ्या बाबांचं काही झालं नाही, हे मला समजतं. खटल्याची पुढची तारीख पडली आहे. सुकाला पालघरला छातीच्या डॉक्टरांकडे नेते आहे. ते सगळं आपल्या जागी आहे.

तू मागितलंस म्हणून चिरागने तुला नव्या आवाजाचं रेकॉर्डिंग पाठवलं. तू ते ऐकलंस हे त्याने मला निळी खूण दाखवून सांगितलं. आता जुना ऐकायचा राहिला आहे.

भिंतीवरचं घड्याळ आठवतं? मी त्या दिवशी काटा पुढे केला होता, तो तसाच होता. चार वर्षं या घरात वेळ थोडी पुढे चालली. काल स्टुलावर चढून काटा मागे घेतला. आता घड्याळ आणि भोंगा बरोबर जुळतात.

पुढच्या रविवारी मी फोन करीन, तीनच्या जरा आधी. बोलता बोलता मागे भोंगा झाला तर कट करू नकोस. तो पाळीचा असेल. माणसं घरी जायला निघाली, एवढंच तो सांगतो. दुसरा कसा असतो ते मी विहिरीवर उभी राहून ऐकलं आहे. तो आणि हा, यांत आता कोणाचीही चूक होणार नाही. आणि पुढेमागे बडोद्याहून बोईसरचं तिकीट काढावंसं वाटलं, तर विहिरीकडची ओळ तुझ्यासाठी न तोडता ठेवते.

हा झाला तीनचा. चहा ठेवायचाय, म्हणून उठते.

आई